लेखणी अडते कोठे?

(दुसरबीड, तालुका सिंदखेड राजा, जिल्हा बुलढाणा येथील बुद्धविहारात वर्षावासातील ग्रंथवाचनाच्या समाप्तीच्या दिवशी एका वकील उपासकाने दिलेले भाषण.)



तीन महिने आपण या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन केले. आज त्याची समाप्ती झाली. समाप्तीच्या दिवशी वक्त्याने ग्रंथाची थोरवी गावी असा प्रघात आहे. परंतु ज्यांनी तीन महिने तो ग्रंथ मन लावून ऐकला त्यांना त्याची थोरवी मी वेगळी काय सांगणार? म्हणून मी आज एका लहानशा, परंतु मला पुष्कळ दिवस छळीत असलेल्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. तो प्रश्न असा की, आपण वाचतो, ऐकतो, सभेत तासतासभर बोलतो. मग लिहावयास बसलो म्हणजे आपला हात का थांबतो?

हा प्रश्न मला दुसऱ्या कोणास पाहून पडलेला नाही. तो माझ्याच अनुभवातून उत्पन्न झाला. या पाक्षिकासाठी आपल्या घराण्यातील धम्मदीक्षेची हकीकत लिहून द्यावी असे मला सुचविण्यात आले, व मी मोठ्या आनंदाने होकार दिला. कायद्याचे शिक्षण घेऊन मी वकिली करतो. दावे, अर्ज, प्रतिज्ञापत्रे लिहिण्यात माझा दिवस जातो. तेव्हा चार पाने लिहिणे ते काय अवघड, असे मला वाटले. प्रत्यक्षात काय घडले? पहिल्या रात्री मी पाच ओळी लिहिल्या आणि खोडल्या. दुसऱ्या रात्री तेच. ‘तो दिवस सुवर्णाक्षरांनी लिहून ठेवावा असा होता’, ‘गुलामगिरीच्या शृंखला तुटल्या’, अशी वाक्ये आपोआप उतरत आणि वाचून पाहता ती माझी वाटत नसत. ती शेकडो भाषणांतून ऐकलेली वाक्ये होती. त्यांत खोटे काही नव्हते. परंतु त्यांत माझे घर नव्हते. असे दोन महिने गेले. वहीचे पान कोरेच राहिले.

आजीची साक्ष

शेवटी मी माझ्या आजीकडे गेलो. ती आज नव्वदीच्या घरात आहे. १९५६ साली ती नुकतीच सासरी, येथून जवळच्याच एका खेड्यात, नांदावयास आली होती. मी वही उघडून म्हटले, “आजी, नागपूरच्या दीक्षेचं सांग.” ती गप्प राहिली. पुन्हा विचारले, तेव्हा म्हणाली, “मले काय इच्यारतू बाबू? आमचं कायचं आलं लिवन्यासारखं?”

मी निराश होऊन वही मिटणार, इतक्यात वकिली सवयीने माझ्या तोंडून दुसराच प्रश्न निघाला. न्यायालयात साक्षीदारास आपण प्रथम मोठे प्रश्न विचारीत नाही. नाव काय, वय किती, राहणार कोठले, येथून आरंभ करतो. आणि मग विचारतो, तुम्ही स्वतः काय पाहिले? तोच प्रश्न मी आजीला केला. “आजी, तू सोता डोयानं काय पाह्यलं?”

ती चटकन् म्हणाली, “म्या नागपूर नाही पाह्यलं. भाड्याले पैसा नव्हता, म्हून बायामानसं घरीच रायलो. म्या त्यायले घरी येताना पाह्यलं.”

आणि मग ती सांगू लागली. तिचे सासरे आणि नवरा, म्हणजे माझे पणजोबा आणि आजोबा, नागपुराहून परत आले तेव्हा त्यांची पांढरी वस्त्रे धुळीने मातकट झाली होती. पाय सुजले होते. पणजोबांनी उंबऱ्याशीच थांबून पाणी मागितले, आणि पाणी पिऊन झाल्यावर घरातला देव्हारा खाली घेतला. देव्हाऱ्यात पाच टाक होते. ते एका फडक्यात बांधून खडकपूर्णेच्या पात्रात सोडावयाचे ठरले. फडके बांधले ते आजीच्या सासूने.

येथे आजी थांबली. बराच वेळ थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, “फडक्यात चारच होते बाबू.”

पाचवा टाक तिच्या सासूने ज्वारीच्या कणगीत लपवून ठेवला होता. हे त्या घरात फक्त दोघी बायकांना ठाऊक होते. पुढे दोन वर्षांनी माझ्या वडिलांना, म्हणजे तिच्या नातवाला, गोवर निघाला. अंगात ताप मावेना. ती म्हातारी रात्रभर कणगीपाशी बसून राहिली. पण तिने टाक बाहेर काढला नाही आणि नवसही बोलला नाही. मूल बरे झाले. तेव्हा तिने कणगीत हात घालून तो टाक काढला, सुनेच्या हाती दिला आणि सांगितले, नदीवर धुणे घेऊन जाशील तेव्हा टाकून ये.

बंधू-भगिनी हो, ही गोष्ट साठांहून अधिक वर्षे आमच्या घरात कोणी उच्चारली नव्हती. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात दोन वर्षे एक टाक राहिला, ही आमच्या घराण्याची लाज आहे, असे माझ्या आजीला वाटत होते. आणि खरे सांगावयाचे तर, ऐकताना क्षणभर मलाही तसेच वाटले. मी लेखणी खाली ठेवली. मग ध्यानात आले की, दोन महिने माझी लेखणी अडून बसली होती ती नेमकी याच जागी. टाकाची गोष्ट मला ठाऊक नव्हती हे खरे. परंतु आमचे घराणे एका क्षणात बदलले, कोणाच्याही मनात शंका आली नाही, भीती आली नाही, असे चित्र रंगविण्याचा माझा खटाटोप होता. ते चित्र माझ्या मनालाच पटत नव्हते, म्हणून हात चालत नव्हता. जे आपणास पटत नाही ते वकील अशिलासाठी लिहू शकतो. स्वतःच्या आईबापांविषयी ते लिहिता येत नाही.

मी आजीला विचारले, “हे लिहू का?” ती म्हणाली, “माही सासू वाईट नव्हती बाबू, भेली होती. लिव.”

त्याच रात्री मी आठ पाने लिहिली.

हात थांबण्याची कारणे

आता यातून काही सामान्य सिद्धांत निघतो काय, ते पाहू. भगवान बुद्धांनी चित्ताला अडविणारी पाच नीवरणे सांगितली आहेत. ती ध्यानाच्या संबंधात सांगितली असली तरी लिहावयास बसलेल्या माणसाच्या चित्तासही ती तितकीच लागू पडतात, असा माझा अनुभव आहे.

पहिले कामच्छंद, म्हणजे विषयांची लालसा. लिहिणाऱ्याच्या बाबतीत ही लालसा स्तुतीची असते. लोक वाहवा म्हणतील असे लिहू गेलो की आपण लोकांच्या तोंडाकडे पाहतो, विषयाकडे नव्हे. दुसरे ब्यापाद, म्हणजे द्वेष. आपल्यावर झालेला अन्याय लिहिताना संताप येणे स्वाभाविक आहे. परंतु संतापाच्या भरात पहिल्या दोन ओळी शिव्यांच्या होतात आणि तिसरी सुचत नाही. तिसरे थीनमिद्ध, म्हणजे आळस व सुस्ती; त्याविषयी अधिक बोलण्याची आवश्यकता नाही, ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. चौथे उद्धच्च-कुक्कुच्च, म्हणजे मनाची अस्वस्थता व घडून गेलेल्याची खंत. आमच्या घरातील टाक हे याचे उदाहरण होय. पाचवे विचिकिच्छा, म्हणजे शंका. मला लिहिता येईल काय? माझी भाषा शुद्ध आहे काय? माझ्या घरात लिहिण्यासारखे घडले तरी काय?

ही पाचवी अडचण आपल्या समाजात सर्वांत बलवान आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. ज्यांना शेकडो वर्षे अक्षर शिकण्याची बंदी होती त्यांच्या मनात लिहिणे हे दुसऱ्याचे काम आहे अशी समजूत मुरलेली असते. शाळा मिळाली, पदवी मिळाली, तरी ती समजूत लगेच जात नाही. आपण लिहावयास बसलो की आपल्या खांद्यावरून कोणीतरी वाचीत आहे आणि हसत आहे, असा भास होतो.

आपल्या आधी ज्यांनी लिहिले

तो भास निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. लिहिणाऱ्यास हसणारे लोक खरोखरच असतात. आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घ्या. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध पुण्यात छापून प्रसिद्ध केला. स्त्रियांच्या माथी जे दोष मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, असा जळजळीत सवाल त्यांनी केला. त्यावर टीकेची व उपहासाची झोड उठली. सत्यशोधक जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, परंतु ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. त्यांचा निबंध विस्मृतीत गेला, तो १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणला. मध्ये नव्वदांहून अधिक वर्षे गेली. तरीही आज स्त्रियांच्या हक्कांचा इतिहास सांगताना त्या निबंधास वगळता येत नाही. हसणाऱ्यांची नावे आज किती जणांस ठाऊक आहेत?

त्याहूनही मागे जा. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात मुक्ता या मांग समाजातील मुलीचा निबंध छापून आला. ती जोतीराव व सावित्रीबाईंच्या शाळेतील विद्यार्थिनी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिले. तिच्यापुढे अनुकरण करावे असा तिच्या समाजातील एकही लेखक नव्हता. तिच्याजवळ होते ते पाहिलेले दुःख आणि नुकतीच शिकलेली अक्षरे. तेवढ्यावर तिने लिहिले, आणि ते टिकले.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आपल्यापैकी अनेक भगिनींनी वाचले असेल. त्या लहानसे दुकान चालवीत. दुकानात पुडे बांधण्यासाठी येणाऱ्या रद्दीतून त्यांनी वाचनाची गोडी भागविली आणि गिऱ्हाईक नसताना लिहिले. लिहिलेले त्यांनी घरच्यांपासून कित्येक वर्षे लपवून ठेवले. ते पुस्तकरूपाने १९८६ साली आले. पाहा, माझ्या पणजीने कणगीत टाक लपविला आणि बेबीताईंनी घरात लिहिलेले कागद लपविले. दोघींना भीती होती. परंतु एकीने जुने लपविले, दुसरीने नवे. आपण आपल्या घरातील स्त्रीला काय लपवावयास लावतो, याचा विचार प्रत्येक पुरुषाने घरी जाऊन करावा.

आणि परमपूज्य बाबासाहेबांचे काय? ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी आणि ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ रोजी निघाले. ‘बहिष्कृत भारता’चे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याला भरावे लागत. स्फूर्ती येईल तेव्हा लिहू, असे ते म्हणाले असते तर अंक निघालाच नसता. पुढे अखेरच्या वर्षांत शरीर व्याधींनी पोखरले असताही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे काम त्यांनी सोडले नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्यांनी या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित आपल्याजवळ मागवून घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. आपण तीन महिने ऐकला तो हा ग्रंथ.

परंतु आजच्या विषयासाठी त्यांचे दुसरे एक लहानसे लिखाण मला अधिक उपयोगी वाटते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने त्यांनी आपल्या काही आठवणी लिहून ठेवल्या होत्या. त्या १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांतील पहिली आठवण १९०१ सालची आहे. वडिलांना भेटावयास निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. अंगावर चांगले कपडे आहेत. स्थानकाचा अधिकारी जात विचारतो. गाडीवाला दुप्पट भाडे घेऊन बैलगाडी देतो, पण स्वतः गाडीत बसत नाही. मुलांनी गाडी हाकावी आणि त्याने बाजूने चालावे असे ठरते. बरोबर अन्न आहे, परंतु प्यावयास पाणी मिळत नाही. जगातील नामांकित विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला हा महापंडित येथे पांडित्य दाखवीत नाही. कोणते कपडे होते, कोण काय बोलले, भाडे किती ठरले, हे तो साक्षीदाराप्रमाणे सांगतो. वाचणाऱ्याच्या घशाला मात्र कोरड पडते.

साक्षीदाराप्रमाणे लिहा

म्हणून माझी पहिली सूचना हीच की, लेखकासारखे लिहू नका, साक्षीदारासारखे लिहा. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा, पाहिले असेल तर पाहणाऱ्याने सांगावे, असा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचा दंडक होता. त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही तो कायम ठेवला आहे. साक्षीदार मते सांगू लागला तर त्यास थांबविले जाते. त्याची भाषा शुद्ध आहे की नाही हे कोणी पाहत नाही. बोलीत दिलेली साक्ष ग्राह्य असते. मग बोलीत लिहिलेली आठवण त्याज्य का असावी?

दुसरी सूचना. लहान प्रश्नापासून आरंभ करा. ‘धर्मांतराने आमच्या जीवनात काय परिवर्तन झाले?’ हा प्रश्न घेऊन बसलात तर हात थांबेल. त्याऐवजी विचारा: दीक्षेच्या दिवशी घरातून कोण गेले, कोण मागे राहिले? अंगावर कोणते वस्त्र होते, ते कोठून आणले? परत आल्यावर चुलीपाशी प्रथम काय बोलणे झाले? देव्हाऱ्याच्या जागी पुढे काय ठेवले? पहिले लग्न बौद्ध पद्धतीने लागले तेव्हा कोणता आप्त रुसून बसला? ज्यांनी अलीकडे दीक्षा घेतली आहे त्यांच्या तर या गोष्टी ताज्या आहेत. एका दिवशी एका प्रश्नाचे उत्तर लिहा. अर्धे पान झाले तरी पुरे.

तिसरी सूचना. घरात ज्याला सांगता येते पण लिहिता येत नाही, आणि ज्याला लिहिता येते पण सांगण्यासारखे अजून ठाऊक नाही, अशा दोघांना एकत्र बसवा. आजीने सांगावे, नातीने लिहावे. भ्रमणध्वनीवर आवाज टिपून घेतलात तर उत्तमच. परंतु तेवढ्यावर थांबू नका, तो ऐकून कागदावर उतरवा. लिहिलेले वृद्धांना वाचून दाखवा आणि जे छापावे असे त्यांना वाटत नाही ते त्यांच्या संमतीवाचून छापू नका.

चौथी सूचना. लिहिताना खोडू नका. आज लिहा, आठ दिवसांनी दुरुस्त करा. लिहिणारा आणि दुरुस्त करणारा एकाच वेळी एका पाटावर बसले की भांडण ठरलेलेच.

पाचवी सूचना, आणि ती वकिलाची आहे. प्रत्येक पानावर तारीख घाला. घटनेच्या वेळी, किंवा ती स्मरणात ताजी असताना लिहिलेला कागद पाहून साक्षीदारास आपली स्मृती ताजी करता येते. जुन्या कायद्याच्या १५९ व्या कलमात ही सोय होती आणि नव्या कायद्यातही ती आहे. न्यायालयात मी वारंवार पाहतो की, ज्यांच्यावर अत्याचार झाला ते खरे बोलत असतात, पण क्रम सांगू शकत नाहीत. तक्रार उशिरा का दिली, या प्रश्नापुढे ते गोंधळतात. फिर्याद तोंडी दिली तरी ती पोलिसांनी लिहून घेतली पाहिजे, वाचून दाखविली पाहिजे आणि तिची प्रत विनामूल्य दिली पाहिजे, हा तुमचा हक्क आहे. परंतु वाचून दाखविलेले आपण सांगितल्याप्रमाणे आहे की नाही हे ओळखण्यास लिहिण्याचा सराव असावा लागतो. आजीची आठवण लिहिणारी मुलगी उद्या हक्काचा अर्जही न अडखळता लिहील. ज्या घरात वही आहे ते घर दुसऱ्याच्या लेखणीवर अवलंबून राहत नाही.

पाचवा टाक

शेवटी एक आक्षेप. काही बांधव म्हणतील, वकीलसाहेब, आपल्या घरातील दुबळेपणा छापून आपण विरोधकांच्या हाती कोलीत देता. मी यावर पुष्कळ विचार केला. माझे उत्तर असे की, चार टाकांची गोष्ट लिहून मी पाचवा लपविला असता तर मी पुन्हा कणगीच भरली असती. माझ्या पणजीला कोणी दटावले नाही, कोणी झडती घेतली नाही. तापाने फणफणलेल्या नातवाशेजारी ती रात्रभर बसली आणि तिचा तिनेच निर्णय केला. नागपूरला न गेलेल्या त्या निरक्षर स्त्रीची दीक्षा त्या रात्री झाली असे मी मानतो. ही गोष्ट लपविण्यासारखी आहे काय? आज ज्या घरात नवी दीक्षा झाली आहे आणि एखादी सासू अजून मनाशी झगडत आहे, त्या घराला ही गोष्ट वाचून धीर येणार नाही काय?

१९५६ साली जे जाणते होते त्यांतील फार थोडे आज आपल्यात उरले आहेत. माझे आजोबा नागपूर पाहून आले होते. त्यांनी काय पाहिले हे मी त्यांना कधी विचारले नाही आणि ते गेले. ती पाने आता कोणत्याही उपायाने भरून निघणार नाहीत. तुमच्या घरी असा कोणी वृद्ध असेल तर आज रात्री जेवण झाल्यावर त्यांच्याजवळ बसा. मोठा प्रश्न विचारू नका. एवढेच विचारा, तुम्ही स्वतः काय पाहिले? आणि ते जेथे बोलता बोलता थांबतील तेथे घाई करू नका. वही उघडी ठेवून थांबा.

जय भीम.